हे रीळ बेळगावचंच का? जुने बातमीपट शोधण्याची, पारखण्याची आणि सांभाळण्याची रीत

२०२४ च्या डिसेंबरात बेळगाव काँग्रेस अधिवेशनाची शंभरी आली आणि आमच्या घरातल्या प्रत्येक फोनवर एकच क्लिप येऊन पडली. पाऊण मिनिटाची, वर मथळा: 'गांधीजी बेळगावात, १९२४, दुर्मिळ चित्रफीत'. टिळकवाडीतल्या मावशींनी ती मला तीनदा पाठवली आणि शेवटी फोनच केला. "बघितलास की नाही रे? काँग्रेस विहिरीजवळचंच हाय की ते!" त्यांचा आवाज भरून आला होता. त्यांचे वडील त्या अधिवेशनात स्वयंसेवक होते.

मी क्लिप लॅपटॉपवर घेतली आणि सावकाश पाहिली. गांधीजी बोलत होते आणि आवाज ओठांशी नेमका जुळत होता. मागे चरख्याचा झेंडा होता, त्याचा मधला पट्टा पांढरा. या दोन्ही गोष्टी १९२४ मध्ये असूच शकत नाहीत. का, ते पुढे येईलच. पण मावशींना हे सांगताना जिवावर आलं. तेव्हापासून कोणी जुनी फिल्म दाखवली की मी जी तपासणी करतो, ती इथे क्रमाने लिहून ठेवतो. सीमाभागात निपाणीपासून कारवारपर्यंत अशी चौकशी करणारी बरीच मंडळी आहेत आणि सगळ्यांची गाडी ठरावीक ठिकाणीच अडते.

पहिली पायरी: त्या काळचा पत्ता

इंटरनेट उघडण्याआधी कागदावर तीन ओळी लिहा. घटना कोणती, तारीख कोणती, आणि त्या तारखेला ते गाव कोणाच्या अमलाखाली होतं. तिसरी ओळ लोक गाळतात आणि चुकीच्या दारात तासन्‌तास उभे राहतात.

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी हा सगळा भाग १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबईच्या कारभारात होता, स्वातंत्र्याआधी 'मुंबई इलाखा' म्हणून. कारवार-हल्याळचा उत्तर कानडा जिल्हाही १८६२ पासून मुंबई इलाख्यातच. रायबाग कोल्हापूर संस्थानचं. रामदुर्ग आणि जमखंडी ही स्वतंत्र संस्थानं. बिदर-भालकी निजामाच्या राज्यात. त्यामुळे १९२० च्या आसपासची फिल्म 'म्हैसूर' किंवा 'कर्नाटक' असं टाकून शोधली तर हाती काही लागत नाही, आणि मग माणूस 'आपलं काहीच उरलं नाही' म्हणून सोडून देतो. उरलेलं असतं, पण दुसऱ्या नावाखाली.

गावाचं स्पेलिंग जुनंच टाका, शेवटी 'ए, यू, एम' असणारं. आजचं स्पेलिंग २०१४ च्या नोव्हेंबरात आलं. परदेशी संग्रहालयांच्या सूच्या त्याच्या कितीतरी आधी तयार झाल्या आहेत. 'मराठा' हा शब्दही तेव्हा इंग्रजीत वेगळा लिहीत, 'आर'च्या आधी 'एच' आणि पुढे दोन 'टी'. पलटणींची आणि रेल्वेची नावं याच स्पेलिंगने सापडतात. सोबत 'बॉम्बे प्रेसिडेन्सी' हे शब्द टाकून पाहा. कागदपत्रांचंही तेच. मुंबई सरकारच्या जुन्या फायली मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात आहेत. बेळगावकराला १९५६ आधीच्या सरकारी कागदासाठी पहिली वाट मुंबईचीच धरावी लागते.

दुसरी पायरी: कॅमेरा तेव्हा कुठे फिरत होता

हे माहीत असलं की अपेक्षा जमिनीवर राहतात. ल्युमिएर बंधूंची चित्रं मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ ला दाखवली गेली. तिथून तीन वर्षांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे आपले सावे दादा, विलायतेहून कॅमेरा मागवून हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपत होते. डिसेंबर १९०१ मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले तेव्हा त्यांचं मुंबईतलं स्वागतही सावे दादांनीच टिपलं. भारतातल्या बातमीपटाची सुरुवात म्हणून हेच चित्रीकरण सांगितलं जातं, आणि कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना मराठी माणूस होता याचं मला फार अप्रूप आहे.

पण नियमित बातमीपट निघाले ते युरोपात. ब्रिटनमध्ये पाथे आणि गोमाँ यांचे १९१० पासून, टॉपिकल बजेट १९११ पासून. थिएटरात मूळ चित्राआधी चार-पाच बातम्यांचं एक रीळ लागायचं, मूकच, मधे अक्षरांच्या पाट्या. या कंपन्यांचा कॅमेरामन भारतात यायचा तो राजा आला की. १२ डिसेंबर १९११ चा दिल्ली दरबार चार्ल्स अर्बनच्या माणसांनी किनेमाकलर या रंगीत पद्धतीने टिपला आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये तो लंडनमध्ये पडद्यावर आला. १९२१-२२ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स आले तेव्हाही कॅमेरे त्यांच्या मागे होते. नोव्हेंबर १९२१ मध्ये पुण्यात त्यांनी शिवस्मारकाची पायाभरणी केली आणि त्या समारंभामागे शाहू महाराज होते. कोल्हापूर-बेळगावच्या माणसाने त्या दौऱ्याच्या रिळांत पुण्याचा भाग जरूर शोधावा.

माझा अनुभव असा की 'बेळगाव' हे गाव शोधण्यापेक्षा बेळगावातून गेलेली आणि बेळगावात आलेली माणसं शोधावीत. पुढारी, पलटणी, संस्थानिक, रेल्वे. कॅमेरा आपल्या गल्लीत आला नसेल, पण आपल्या गल्लीतला माणूस कॅमेऱ्यासमोरून गेलेला असतो.

तिसरी पायरी: शोध कुठे घ्यायचा

ब्रिटिश पाथेने २०१४ मध्ये सुमारे ८५,००० फिल्म यूट्यूबवर खुल्या केल्या. पाठोपाठ २०१५ मध्ये ब्रिटिश मूव्हिटोनचाही साठा आला. या दोन्हींत शोधताना यूट्यूबवर थांबू नका, पाथेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जा. तिथे प्रत्येक फिल्मला क्रमांक असतो आणि तोच वहीत उतरवायचा. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०१७ मध्ये भारतावरच्या जुन्या फिल्मचा मोठा संच मोफत ठेवला आहे. 'कलोनियल फिल्म' नावाच्या सूचीत ब्रिटिश साम्राज्यावरच्या सहा हजारांहून जास्त फिल्मची माहिती आहे, त्यातल्या थोड्याच पाहायला मिळतात, पण वर्णन आणि मूळ साठा कुठे आहे ते कळतं. केंब्रिजच्या दक्षिण आशिया केंद्रात इथे राहिलेल्या इंग्रज कुटुंबांनी घरगुती कॅमेऱ्यावर काढलेल्या फिल्म आहेत. छावणीचं गाव म्हटलं की हा कप्पा विसरू नये. बाजार, बैलगाड्या, पावसातले रस्ते असल्या गोष्टी बातमीपटवाल्यांपेक्षा या हौशी मंडळींनीच जास्त टिपल्या.

तारखेची एक मेख आहे. फिल्म मुंबईहून टपालाच्या बोटीने इंग्लंडला जायची. तिथे धुऊन, कापून, पाट्या लावून पडद्यावर येईपर्यंत आणखी दिवस जायचे. म्हणून डिसेंबर १९२४ ची घटना डिसेंबरच्या अंकात शोधू नका. जानेवारी-फेब्रुवारी १९२५ चे अंक चाळा. सूचीत दिलेली तारीख बहुतेक वेळा प्रदर्शनाची असते, घटनेची नसते. सूचीतलं वर्णनही पुष्कळदा नंतर कोणीतरी संग्रहालयात बसून, चित्र पाहून लिहिलेलं असतं. त्या माणसाने आपला फेटा आणि आपली टोपी ओळखली असेलच असं नाही.

ज्यांच्या घरातून कोणी पहिल्या महायुद्धात गेलं होतं, त्यांनी आधी फिल्म शोधू नये. आधी पेटीतलं पदक काढा. ब्रिटिश वॉर मेडल असेल तर त्याच्या कडेवर, पाठीवर नव्हे, नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. भिंगाखाली, तिरक्या उजेडात वाचा. घासून चकचकीत करू नका, अक्षरं जातात. पलटण कळली की वाट सरळ होते. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी जनरल टाउनशेंडच्या सैन्यात, आजच्या इराकमधल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात होत्या आणि २९ एप्रिल १९१६ ला ते ठाणं पडलं. तुमचे पणजोबा यांतल्या एखाद्या पलटणीबरोबर तिथे कैद झाले असतील, तर ११ मार्च १९१७ ला इंग्रजी फौज बगदादमध्ये शिरली त्या प्रसिद्ध चित्रीकरणात ते दिसणार नाहीत, कितीही ओळखीचा चेहरा वाटला तरी. १९२२ मध्ये पलटणींचे नंबर बदलले हेही ध्यानात ठेवा: १०३ वी ही पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली झाली, १०५ वी दुसरी, ११० वी तिसरी, ११६ वी चौथी, ११७ वी पाचवी. घरात आजोबांनी सांगितलेला नंबर जुना की नवा, हे ठरल्याशिवाय पुढे जाऊ नये. युद्धाच्या अधिकृत फिल्म लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियममध्ये आहेत आणि पुष्कळशा ऑनलाइन पाहता येतात.

चौथी पायरी: चित्र वाचायचं

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. मथळा झाका, आवाज बंद करा आणि क्लिप तुकड्या-तुकड्याने पाहा. यूट्यूबवर संगणकावर क्लिप थांबवून पूर्णविरामाची कळ दाबली की एकेक चौकट पुढे जाते, स्वल्पविरामाने मागे. वहीत तीन रकाने आखा: कितव्या सेकंदाला, काय दिसतं, त्यावरून काय ठरतं. जिथे दृश्य तुटतं तिथे नवी ओळ. कारण प्रत्येक तुटीनंतर गाव आणि साल दोन्ही बदललेलं असू शकतं. मावशींच्या पाऊण मिनिटात अशा नऊ तुटी निघाल्या.

आवाजापासून सुरुवात. ओठांशी जुळणाऱ्या आवाजाचे बातमीपट अमेरिकेत फॉक्सने १९२७ मध्ये आणले. गांधीजींची बोलती मुलाखत फॉक्स मूव्हिटोनने १९३१ मध्ये घेतली. म्हणून १९२४ च्या बेळगावात गांधीजी बोलताना ऐकू आले तर ते दृश्य बेळगावचं नाही, इथेच निकाल लागतो. मागे निवेदन किंवा संगीत असणं मात्र वेगळं. ते मूक चित्रावर नंतर चढवता येतं.

झेंडा. १९२१ पासून काँग्रेसच्या सभांत जो झेंडा दिसतो त्यात पांढरा पट्टा वर, हिरवा मधे, लाल खाली आणि तिन्ही पट्ट्यांवर मिळून चरखा. १९३१ मध्ये काँग्रेसने तो बदलला: केशरी वर, पांढरा मधे, हिरवा खाली. काळ्या-पांढऱ्या चित्रात रंग कळत नाहीत, पण सर्वांत उजळ पट्टा कुठे आहे हे कळतं. वर असेल तर १९२१ ते १९३१, मधे असेल तर १९३१ नंतर. एवढ्या एका खुणेने मी आजवर जितक्या क्लिप बाजूला केल्या तितक्या दुसऱ्या कशानेच नाही.

पोशाख. गांधीजींनी सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईत पंचा स्वीकारला. अंगभर कपडे आणि डोक्याला काही असेल तर चित्र त्याआधीचं. आणि १९२४ चे म्हणून जे गांधीजी दाखवतात ते धडधाकट दिसत असतील तरी शंका घ्या: त्या जानेवारीत पुण्याच्या ससूनमध्ये त्यांच्यावर अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली होती आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात दिल्लीत त्यांनी २१ दिवसांचा उपवास केला होता. २६ डिसेंबरला बेळगावच्या मंडपात अध्यक्ष म्हणून बसलेला माणूस वाळलेलाच असणार. हा पक्का पुरावा नव्हे, पण दुसऱ्या खुणांना जोड देतो.

रंगांच्या बाबतीत एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. १९२० च्या दशकाच्या मध्यापर्यंत वापरात असलेली बहुतेक फिल्म लाल रंगाला आंधळी होती. लाल सगळं काळं उमटायचं, निळं आभाळ पांढरंफटक. त्यामुळे कपाळाचं कुंकू काळा ठिपका दिसतं, नवरीचा लाल शालू काळाकुट्ट, भगवा पटका गडद. एका लग्नाच्या फिल्मखाली कोणीतरी 'शोकसभेतल्या स्त्रिया' असं लिहिलेलं मी पाहिलं आहे. बायका लालच नेसलेल्या होत्या. उलट आभाळातले ढग सुरेख उठून दिसत असतील आणि कुंकू फिकट असेल, तर फिल्म नंतरची असण्याचा संभव जास्त.

रेल्वे दिसली तर थांबाच. पुणे-मिरज-बेळगाव-लोंढा ही लाइन तेव्हा मीटरगेज होती, मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेची. रुळांमधलं अंतर एक मीटर. ब्रॉडगेजचं अंतर एक मीटर ६७६ मिलिमीटर, म्हणजे मधे उभ्या माणसाच्या पायाशी तुलना केली तरी फरक कळतो. रुंद रुळांवरून आलेल्या गाडीखाली 'बेळगाव स्टेशन, १९२४' असं लिहिलेलं असेल तर ते स्टेशन आपलं नाही.

मग पाट्या: दुकानाच्या, शाळेच्या, बैलगाडीच्या. आपल्या भागातल्या पाटीवर मराठी, कानडी, इंग्रजी यांतलं काहीही असू शकतं, त्यावरून भांडत बसू नये. पाटीवरचा जिल्हा, इलाखा आणि टपालाचा मजकूर वाचावा. हवामानही पाहा. डिसेंबर अखेरच्या बेळगावात पहाटे अंगावर घोंगडी-शाली असतात आणि जमीन कोरडी असते. चिखलातल्या मिरवणुकीला १९२४ चं अधिवेशन म्हणता येत नाही.

माणसं तुरुतुरु धावताना दिसतात ती तेव्हा घाईत होती म्हणून नव्हे. कॅमेरा हाताने फिरवायचा, सेकंदाला साधारण दोन वेढे, म्हणजे सोळा चौकटी. पुढे ती फिल्म चोवीसच्या वेगाने चालवली की सगळं दीडपट होतं. यूट्यूबवर वेग ०.७५ करून पाहा. पावलं जमिनीवर नीट टेकायला लागतात, हार घालणारा हात ओळखीचा वाटतो. पाहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला क्लिप दाखवायची असेल तर याच वेगाने दाखवा. चेहरे ओळखायला त्यांना वेळ मिळतो. संगणकाने रंगवलेली आणि 'गुळगुळीत' केलेली आवृत्ती मात्र पुरावा म्हणून कधीच धरू नका. त्यातले रंग अंदाजाचे असतात आणि चेहऱ्याच्या रेषासुद्धा यंत्राने भरलेल्या असतात.

शेवटी एक शंका नेहमी जवळ ठेवा: हे खरोखर घडताना टिपलं की घडवून आणलं? बोअर युद्धाची काही दृश्यं मिचेल आणि केन्यन यांनी इंग्लंडात ब्लॅकबर्नजवळच नट उभे करून काढली होती. कॅमेरा गोळीबाराच्या दोन्ही बाजूंना आरामात फिरत असेल तर समजून घ्या.

मावशींच्या क्लिपमधला सातवा तुकडा बैलांनी ओढलेल्या रथाचा होता. त्याची चौकट थांबवून स्क्रीनशॉट घेतला आणि गूगल लेन्सवर टाकला. हरिपुरा निघालं, फेब्रुवारी १९३८. सुभाषबाबूंना ५१ बैलांच्या रथातून नेलं तेव्हाचं. प्रत्येक तुटीनंतरची एक स्वच्छ चौकट अशी टाकून पाहावी. गांधीजींच्या बाबतीत मूळ पुष्कळदा जुन्या माहितीपटांत सापडतं. विठ्ठलभाई झवेरींनी १९६८ मध्ये पाच तासांहून मोठा माहितीपट केला, त्यात जगभरचे तुकडे एकत्र आले, आणि तिथून कापलेले तुकडे आज फोनवर फिरतात.

पाचवी पायरी: कागदाशी ताळा

चित्रातून जे ठरलं ते छापील मजकुराशी जुळवा. बेळगावचा 'तरुण भारत' बाबुराव ठाकूर यांनी १९१९ मध्ये सुरू केला, म्हणजे १९२४ चं अधिवेशन त्याच्या डोळ्यांसमोर झालं. जोडीला 'केसरी'. गांधीजी कुठल्या दिवशी कुठे होते हे त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या शंभर खंडांतून काढता येतं. इंग्रजी आवृत्तीचा पंचविसावा खंड बेळगावच्या अधिवेशनापर्यंत येतो. अधिवेशनाच्या जागेला 'विजयनगर' नाव दिलं होतं, पाण्यासाठी विहीर खणली (मावशी म्हणतात ती काँग्रेस विहीर) तिला 'पंपा सरोवर', गंगाधरराव देशपांडे यांच्यावर सगळ्या तयारीचा भार होता आणि डॉ. ना. सु. हर्डीकरांचं सेवादल राबत होतं. चित्रात कमान असेल, पाटी असेल, गणवेश असेल, तर तो या तपशिलांशी जुळतो का ते पाहा.

सेन्सॉरचे कागदही कामाला येतात. १९१८ च्या कायद्यानंतर १९२० मध्ये मुंबईत सेन्सॉर बोर्ड बसलं आणि बेळगाव त्याच्याच कक्षेत होतं. १९३० च्या दांडीयात्रेवर काढलेल्या पटांवर मुंबई सरकारने बंद्या घातल्या, त्या आपल्याकडेही लागू होत्या. जुन्या कागदात पटाची लांबी फुटांत असते. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर फुटाला १६ चौकटी. हजार फुटांचं रीळ सोळाच्या वेगाने पावणेसतरा मिनिटं चालतं, चोवीसच्या वेगाने अकरा. हातातली फिल्म कागदावरच्या लांबीच्या निम्मी भरत असेल तर बाकीचं कुठे गेलं, हा पुढचा शोध.

सहावी पायरी: माळ्यावरचा डबा

फोनवरच्या शंभर क्लिपपेक्षा मला एका गंजक्या डब्याची किंमत जास्त वाटते. निपाणीत एका जुन्या तंबाखू वखारीच्या माळ्यावर असे दोन डबे निघाले. घरची सून म्हणाली, "भंगारात घालणारच होतो बघा." झाकण कापडाने धरून, हळूहळू फिरवत सोडवलं. आत लोणच्याच्या बरणीसारखा आंबूस वास आणि तपकिरी कागदात गुंडाळलेलं रीळ.

डबा उघडण्याची जागा मोकळ्या हवेतली हवी. देवघरातला दिवा, गॅस, उदबत्ती, विडी यांपासून दूर. पहिला प्रश्न रुंदी. पट्टी लावा. साडेतीन सेंटिमीटर भरली तर ती ३५ मिलिमीटरची व्यावसायिक फिल्म, आणि १९५१ च्या आधीची असेल तर ती नायट्रेटची धरूनच वागा. नायट्रेट स्वतःचा ऑक्सिजन घेऊन जळतं. पाण्यात बुडवलं तरी विझत नाही आणि धूर विषारी असतो. खराब झालेलं नायट्रेट आपल्या उन्हाळ्यातल्या पत्र्याखालच्या उष्णतेतही पेटू शकतं. 'जरा टोक जाळून बघू' असं कोणी म्हटलं तर त्याचा हात धरा. हिरालाल सेन यांनी कलकत्त्यात काढलेल्या फिल्म १९१७ च्या आगीत गेल्या. पुण्यात २००३ च्या जानेवारीत सरकारी संग्रहाचा नायट्रेटचा साठा जळाला, त्यात काय काय गेलं हे आठवलं की अजून गलबलतं.

सोळा मिलिमीटरची फिल्म १९२३ मध्ये आली, ती सुरुवातीपासून न पेटणाऱ्या जातीची. तशीच १९२२ ची साडेनऊ मिलिमीटरची 'पाथे बेबी', तिची भोकं कडेला नसून दोन चौकटींच्या मधे, बरोबर मध्यभागी असतात. भोकं पाहून ती लगेच ओळखता येते. फिल्मच्या कडेला इंग्रजीत 'सेफ्टी' छापलेलं असलं की जीव भांड्यात पडतो, पण ३५ मिलिमीटरच्या बाबतीत तेवढ्यावर विसंबू नये. सेफ्टी फिल्मवरून नायट्रेटवर प्रत काढताना कडेची अक्षरंही उतरतात. आंबूस वास म्हणजे ही न पेटणारी फिल्म झिजायला लागली आहे. मधासारखी चिकट, किंवा कडेला तपकिरी भुकटी म्हणजे नायट्रेट शेवटच्या अवस्थेत. त्याला हात न लावता डबा तसाच बंद करा.

निपाणीचं रीळ सोळा मिलिमीटरचं निघालं. कोडॅकच्या फिल्मवर कडेला वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा खुणा असतात आणि त्यांवरून फिल्म कोणत्या वर्षी बनली ते कळतं. अडचण एवढीच की खुणा दर वीस वर्षांनी पुन्हा त्याच येतात. आम्हाला दोन सालं मिळाली, वीस वर्षांच्या अंतराने. मग भिंग घेऊन खिडकीच्या उजेडात सुरुवातीचा हातभर भाग पाहिला, फिल्म फक्त कडेला धरून. लग्नाची वरात, घोडा, वाजंत्री, आणि मागे एका पेढीची पाटी. चौकट नखाएवढी. त्यात मराठी अक्षरांत 'मुंबई इलाखा' एवढं वाचता आलं आणि दोनांतलं आधीचं साल पक्कं झालं. सून मागे उभी होती. म्हणाली, "ही पेढी अजून हाय. आता मोबाइलचं दुकान."

अशी फिल्म जुन्या प्रोजेक्टरवर चढवून बघायचा मोह होतोच. चढवू नका. फिल्म आकसलेली असते, दात भोकांत बसत नाहीत आणि दहा फुटांत तिच्या चिंध्या होतात. धुऊ नका, पुसू नका, प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करू नका. गंजका डबा बदलून स्वच्छ डबा किंवा पुठ्ठ्याची पेटी घ्या, पण जुन्या डब्यावरची चिठ्ठी, शिक्का, खडूचा आकडा यांचे फोटो आधी काढा. ठेवायची जागा घरातली सर्वांत थंड आणि कोरडी. माळा कधीच नाही, आणि आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात जमिनीलगतचं कपाटही नाही.

सातवी पायरी: पुढे कोणाच्या हाती

राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात १९६४ पासून आहे, आता ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा भाग आहे. मुंबईत फिल्म हेरिटेज फाउंडेशन २०१४ पासून काम करतं. आधी फोन किंवा पत्र करा. रुंदी, अंदाजे लांबी, वास, कडेची अक्षरं आणि फोटो पाठवा. नायट्रेटचा संशय असेल तर डबा एसटीत, रेल्वेत किंवा कुरियरने नेऊ नका, ज्वालाग्राही माल म्हणून ते धोक्याचं आणि नियमाबाहेरचं आहे. कसं आणायचं ते त्यांनाच विचारा. देण्याआधी लेखी ठरवा: मूळ फिल्म दान देताय की ठेवायला देताय, आणि डिजिटल प्रत तुम्हाला मिळणार का. एकदा एके ठिकाणी तोंडी शब्दावर मी एक रीळ देऊन आलो आणि प्रतीसाठी दोन वर्षं खेटे घातले. भारतात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, पण परदेशी संग्रहाची प्रत वापरायची तर त्यांची अटही पाळावी लागते.

आणि नोंद. प्रत्येक फाइलला नाव देताना आधी काय दिसतं, मग काय ठरलं, मग कशावरून, आणि कोणी कधी तपासलं, एवढं लिहा. ठरलं नसेल तिथे 'ठिकाण अनिश्चित' असंच लिहा.

मावशींच्या क्लिपचं नाव आता माझ्याकडे असं आहे: 'गांधीजी बोलताना, १९३१ किंवा नंतर, ठिकाण अनिश्चित, सातवा तुकडा हरिपुरा १९३८, बेळगाव १९२४ नाही, कारण आवाज, झेंडा, बैलरथ'. त्याच फोल्डरमध्ये दुसरी एक फाइल आहे, फोनवर रेकॉर्ड केलेली, बावीस मिनिटांची. तिचं नाव: 'स्वयंसेवकाच्या मुलीची आठवण, वडिलांकडून ऐकलेली, पंपा सरोवराची खोदाई, पाण्याच्या रांगा, रात्रीची थंडी, टिळकवाडी, जानेवारी २०२५'.